मोटेलपासून हॉटेलपर्यंत : फ्लोरेस खटल्याची पस्तीस वर्षे

१/
१८ जून २०१९. अमेरिकेच्या नवव्या सर्किटचे अपील न्यायालय. तीन न्यायमूर्तींसमोर सरकारी वकील उभ्या आहेत आणि वादाचा मुद्दा असा : सीमेवर पकडलेल्या, सरकारच्या ताब्यातील लहान मुलांना साबण आणि दात घासायचा ब्रश द्यायलाच हवा का? सरकारचा युक्तिवाद असा की करारात 'सुरक्षित आणि स्वच्छ' व्यवस्था एवढेच शब्द आहेत. साबण, ब्रश किंवा झोपेची सोय यांचा नावानिशी उल्लेख त्यात नाही.

२/
हा करार कोणता, आणि एवढ्या उघड गोष्टीसाठी वरिष्ठ न्यायालयापर्यंत का जावे लागले, हे कळण्यासाठी १९८५ सालच्या एका मोटेलपर्यंत मागे जावे लागते. पण त्याआधी थोडे आणखी मागे.

३/
१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर नवे स्थलांतर केंद्र सुरू झाले. तिथे पहिली नोंद झाली ती आयर्लंडहून आलेल्या ॲनी मूर या १७ वर्षांच्या मुलीची. सोबत दोन धाकटे भाऊ. आईवडील आधीच न्यूयॉर्कला जाऊन राहिलेले. जहाजावर पालक कोणी नाही. अधिकाऱ्यांनी तिचे स्वागत केले आणि १० डॉलरचे सोन्याचे नाणे तिच्या हातावर ठेवले. अमेरिकेच्या सर्वांत प्रसिद्ध प्रवेशद्वारातून आत गेलेली पहिली व्यक्ती एकटी आलेली अल्पवयीन मुलगी होती, हे नंतरच्या वादांत फारसे कोणी आठवत नाही.

४/
पश्चिम किनाऱ्यावरचे चित्र वेगळे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात आशियाई स्थलांतरितांना अडवून ठेवले जाई. चिनी मुलांची उलटतपासणी तर विलक्षणच. गावातल्या घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला, तिसऱ्या घरात कोण राहते, असे शेकडो प्रश्न. उत्तर बापाच्या जबानीशी जुळले नाही, तर मुलगा 'खोटा' ठरायचा. १९१५ मध्ये पेशावरहून आलेल्या वैष्णोदास आणि कला बगाई या दांपत्यालाही तीन लहान मुलांसह याच बेटावर थांबवण्यात आले होते. जवळचे २५,००० डॉलर दाखवल्यावर त्यांची वाट मोकळी झाली.

५/
आणि तिसरे चित्र. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२ या काळात क्युबातून १४,०४८ मुले आईवडिलांविना अमेरिकेत आणली गेली. 'ऑपरेशन पेद्रो पान' या नावाने ही मोहीम ओळखली जाते. कास्त्रोच्या राजवटीतून आलेल्या या मुलांसाठी व्हिसाची अट शिथिल झाली, कॅथलिक संस्थांनी फ्लोरिडात निवासाची सोय केली, अनेकांना इतर राज्यांतील कुटुंबांकडे आणि अनाथालयांत पाठवले गेले. सर्वांचेच अनुभव सुखाचे नव्हते. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे : हजारो एकट्या मुलांना कैदी न मानता सांभाळणे राज्यसंस्थेला अशक्य नव्हते. मुले शत्रूच्या देशातून पळून आलेली असली, म्हणजे ते जमत असे.

६/
१९८० च्या दशकात मुले येऊ लागली ती मित्रदेशातून. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ असे यादवी युद्ध चालले. सुमारे ७५,००० माणसे मारली गेली. तिथल्या सरकारला अमेरिका शस्त्रे आणि पैसा पुरवत होती. साहजिकच त्या सरकारच्या अत्याचारांपासून पळालेल्यांना 'निर्वासित' म्हणणे वॉशिंग्टनला अडचणीचे होते. १९८४ मध्ये साल्वादोरच्या अर्जदारांपैकी शेकडा तीनपेक्षाही कमी जणांना आश्रय मिळाला.

७/
त्याच वर्षी स्थलांतर खात्याच्या पश्चिम विभागाचे आयुक्त हॅरल्ड एझेल यांनी नवा नियम केला. पकडलेले मूल सोडायचे ते फक्त आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांच्याच हवाली. काका, मामा, आत्या, मावशी, आजी, सज्ञान भाऊ, यांपैकी कोणीही चालणार नाही. नियम वरवर मुलांच्या काळजीचा वाटतो. पण यातल्या कित्येक मुलांचे आईवडील स्वतःच कागदपत्रांविना अमेरिकेत राहत होते. मुलाला न्यायला आले की तेच पकडले जाणार. मुलांच्या वकिलांनी हेच म्हटले : ही काळजी नव्हे, हे आमिष आहे.

८/
१९८५ मध्ये १५ वर्षांची जेनी लिसेट फ्लोरेस युद्धातून पळून, अमेरिकेत असलेल्या आईकडे यायला निघाली. सीमेवर तिला अटक झाली. हातकड्या घातल्या गेल्या, कपडे उतरवून झडती घेण्यात आली आणि तिची रवानगी झाली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील एका मोटेलमध्ये. स्थलांतर खात्याने हे मोटेल खासगी कंत्राटदारामार्फत कोठडी म्हणून चालवायला घेतले होते.

९/
तिचे वकील कार्लोस ओल्गीन यांनी पुढे त्या जागेचे वर्णन केले आहे. जुन्या धाटणीचे मोटेल, पोहण्याच्या तलावातले पाणी काढून टाकलेले, भोवती जाळीचे कुंपण आणि वर काटेरी तारांची वेटोळी. आत मुले, मुली, अनोळखी स्त्रिया आणि अनोळखी पुरुष, सगळे एकाच छपराखाली. शाळा नाही, खेळ नाही, भेटायला येण्याची परवानगी नाही. तिला न्यायला तिची एक नातेवाईक तयार होती. नियमात ती बसत नव्हती.

१०/
इथे एक योगायोग घडला. नट एड ॲस्नर यांच्या घरी काम करणाऱ्या बाईंची मुलगीही त्याच मोटेलमध्ये अडकली होती. त्यांनी वकिलांना गाठले. पीटर शे आणि कार्लोस ओल्गीन यांनी ११ जुलै १९८५ रोजी दावा दाखल केला, तोही एका मुलीसाठी नव्हे, तर अशा सर्व मुलांच्या वतीने प्रातिनिधिक दावा. प्रतिवादी होते तेव्हाचे ॲटर्नी जनरल एडविन मीस. 'फ्लोरेस विरुद्ध मीस'.

११/
पुढची वर्षे अर्धवट विजयांची. १९८७ मध्ये कोठड्यांच्या स्थितीबाबत एक प्राथमिक समझोता झाला. १९८८ मध्ये जिल्हा न्यायालयाने सरसकट कपडे उतरवून घेतल्या जाणाऱ्या झडत्या घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी सरकारने नियम थोडा सैल करून जवळच्या सज्ञान नातेवाइकांना मुलाचा ताबा देण्याची मुभा दिली. उरलेला प्रश्न असा की नातेवाईक नसेल, पण जबाबदारी घ्यायला तयार असा भला माणूस किंवा संस्था असेल, तर मूल त्यांच्याकडे सोडायचे की कोठडीत ठेवायचे?

१२/
२३ मार्च १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा. त्यांच्या विचाराचा गाभा असा की मूल म्हणजे सज्ञान माणूस नव्हे. ते नेहमी कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात असतेच, तेव्हा सरकारच्या ताब्यात असणे म्हणजे स्वातंत्र्य हिरावणे नव्हे, फार तर ताबेदार बदलणे. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत दिले, ब्लॅकमन यांनी त्यांना साथ दिली. निरुपद्रवी मुलाला संस्थेत बंद ठेवणे आणि घरात ठेवणे यांत फरकच नाही असे मानायला ते तयार नव्हते. मात्र बहुमताने हेही गृहीत धरले होते की १९८७ च्या समझोत्यामुळे कोठड्यांची स्थिती आता ठीक आहे. सगळी इमारत या गृहीतकावर उभी होती.

१३/
गंमत अशी, की सर्वोच्च न्यायालयात हरलेल्या पक्षाचेच नाव इतिहासात टिकले. जिंकूनही सरकारने वाद मिटवण्याचा मार्ग धरला आणि जानेवारी १९९७ मध्ये 'फ्लोरेस समझोता करार' न्यायालयाने मान्य केला. त्याची मुख्य कलमे अशी : मुलांना विनाकारण विलंब न लावता आईवडील, नातेवाईक किंवा योग्य व्यक्तीकडे सोडावे. तोवर त्यांना वयाला शोभेल अशा, कमीत कमी बंधनाच्या जागी ठेवावे. जागा 'सुरक्षित आणि स्वच्छ' असावी. अन्न, पाणी, शौचालय, औषधोपचार, योग्य तापमान, देखरेख मिळावी. आणि काही दिवसांतच त्यांना बालसंगोपनाचा राज्य परवाना असलेल्या संस्थेत हलवावे.

१४/
दोन कलमांकडे सहसा लक्ष जात नाही, पण खरी ताकद त्यांतच आहे. पहिले, मुलांच्या वकिलांना कोठड्यांत जाऊन मुलांशी थेट बोलण्याचा हक्क. पत्रकाराला जिथे प्रवेश नाही, तिथे फ्लोरेसचे वकील जाऊ शकतात. दुसरे, २००१ मधील दुरुस्ती. करार मुळात पाच वर्षांचा होता. दुरुस्तीने तो सरकार त्याबरहुकूम अंतिम नियमावली प्रसिद्ध करीपर्यंत चालू राहील असे ठरले. ती नियमावली वर्षानुवर्षे आलीच नाही. तात्पुरता कागद कायद्यासारखा जगत राहिला.

१५/
२००३ मध्ये जुने स्थलांतर खाते मोडीत निघाले. एकट्या मुलांचा सांभाळ आरोग्य व मानवसेवा खात्याच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे गेला. सीमेवर पकडण्याचे काम मात्र नव्या गृहसुरक्षा खात्याकडे. २००८ च्या कायद्याने सीमेवरील ठाण्यातून मुलाला ७२ तासांत पुनर्वसन कार्यालयाकडे सोपवणे बंधनकारक केले. 'निवारा' आणि 'कोठडी' हे दोन शब्द बातम्यांत एकमेकांत मिसळतात, ते या दुहेरी रचनेमुळे. ठाणे म्हणजे सिमेंटची जमीन, थंड हवा आणि चांदीच्या कागदासारखे पांघरूण. निवारा म्हणजे पलंग, वर्ग, समाजसेविका, पण दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. ठाण्यातल्या खोल्यांना स्थलांतरितांनी स्पॅनिशमध्ये नाव दिले 'येलेरा', म्हणजे बर्फपेटी. जाळीच्या पिंजऱ्यांना 'पेर्रेरा', म्हणजे भटक्या कुत्र्यांचा कोंडवाडा.

१६/
आईवडिलांसह आलेल्या मुलांचे काय? २००६ मध्ये टेक्सासातील टेलर गावी, पूर्वीचा तुरुंग असलेली 'हट्टो' ही इमारत कुटुंबांसाठी उघडण्यात आली. लहान मुलांच्या अंगावर कैद्यांसारखे कपडे, ठरावीक वेळी हजेरी, मोकळ्या हवेत जेमतेम तासभर. २००७ मध्ये खटला झाला, सुधारणा मान्य झाल्या; २००९ मध्ये तिथे कुटुंबे ठेवणे बंद झाले. पाचच वर्षांनी तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा झाला.

१७/
२०१४ च्या आर्थिक वर्षात नैऋत्य सीमेवर ६८,५४१ एकटी मुले पकडली गेली. बहुतेक होंडुरास, ग्वातेमाला आणि एल साल्वादोरची, टोळ्यांच्या हिंसाचारातून निघालेली. ओबामा प्रशासनाने लष्करी तळांवर तात्पुरते निवारे उघडले, आणि कुटुंबांसाठी टेक्सासात कार्न्स आणि डिली येथे मोठी केंद्रे. २४ जुलै २०१५ रोजी न्यायाधीश डॉली जी यांनी निकाल दिला की फ्लोरेस करार पालकांसोबत आलेल्या मुलांनाही लागू आहे. बातम्यांत सतत येणारी '२० दिवसांची मर्यादा' इथून आली. १९९७ च्या करारात तो आकडा शोधून सापडणार नाही.

१८/
या तळांपैकी एकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ओक्लाहोमातील फोर्ट सिल. १८९४ पासून इथे अपाचे लोकांना युद्धकैदी म्हणून ठेवले होते, मुलाबाळांसह. जेरोनिमो १९०९ मध्ये इथेच वारला. १९४२ मध्ये इथे शेकडो जपानी वंशाचे पुरुष नजरकैदेत होते. २०१४ मध्ये मध्य अमेरिकेची मुले आली. २०१९ मध्ये पुन्हा तिथेच निवारा उघडण्याची घोषणा झाली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील छावण्यांत बालपण गेलेली वृद्ध जपानी अमेरिकन माणसे तळाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

१९/
२०१८ हे वर्ष सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची यंत्रणा मात्र फारशी ठाऊक नाही. एप्रिलमध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी 'शून्य सहनशीलता' धोरण जाहीर केले. बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला. आई किंवा वडील फौजदारी कोठडीत गेले, की सोबतचे मूल कागदोपत्री 'एकटे' ठरे आणि पुनर्वसन कार्यालयाकडे रवाना होई. एकट्या येणाऱ्या मुलांच्या रक्षणासाठी केलेली व्याख्या मुले एकटी पाडण्यासाठी वापरली गेली. फ्लोरेस करारामुळे ताटातूट करणे भाग पडते, असे सरकार सांगत होते. करारात तसे काहीही नाही. मूल लवकर सोडा एवढेच तो सांगतो, पालकाला सोबत सोडण्यास त्याची हरकत नाही.

२०/
दोन खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. आईचा क्रमांक एका यंत्रणेत, मुलाचा दुसऱ्या. बोलताही न येणारी तान्ही मुले नोंदीवाचून निवाऱ्यात पोहोचली. ब्राउन्सव्हिल येथे पूर्वीच्या वॉलमार्ट दुकानाच्या इमारतीत जवळपास १,५०० मुलगे राहत होते. तोर्नियो येथे वाळवंटात तंबूंची छावणी उभी राहिली. १८ जून २०१८ रोजी 'प्रोपब्लिका'ने एका केंद्रातील रडणाऱ्या मुलांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून ताटातूट थांबवली. २६ जूनला सॅन दिएगोचे न्यायाधीश डेना सब्रॉ यांनी पाच वर्षांखालील मुलांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत आईवडिलांकडे परत करण्यास सांगितले. पहिल्या मोजणीत २,७३७ मुले निघाली. पुढे आकडा पाच हजारांच्या वर गेला, कारण धोरण जाहीर होण्याआधीच ताटातूट सुरू झाली होती.

२१/
आता पुन्हा साबणाकडे. २०१९ चा हा वाद वस्तुतः २०१५-१६ मध्ये सीमेवरील ठाण्यांत मुलांनी वकिलांना दिलेल्या जबान्यांवर उभा होता, म्हणजे ओबामांच्या काळातल्या. न्यायाधीश जी यांनी २०१७ मध्ये ठाण्यांची स्थिती कराराचा भंग करणारी ठरवली, आणि त्यावर सरकारने केलेले अपील २०१९ मध्ये सुनावणीला आले. हा इतिहास एकाच पक्षाच्या खात्यावर टाकता येत नाही.

२२/
सुनावणीच्याच आठवड्यात वकील आणि डॉक्टरांचे पथक टेक्सासातील क्लिंट येथील ठाण्यात होते, त्याच भेटीच्या हक्काने. सुमारे १०० प्रौढांसाठी बांधलेल्या जागेत अडीचशेच्या आसपास मुले. कित्येक दिवस अंघोळ नाही, कपड्यांवर वाळलेले दूध आणि शेंबूड, उवा, तापाची साथ. अनोळखी तान्ह्या मुलांना सात-आठ वर्षांच्या मुली कडेवर घेऊन सांभाळत होत्या. ७२ तासांची मर्यादा उलटून कित्येकांना आठवडे झाले होते. सप्टेंबर २०१८ ते मे २०१९ या काळात किमान सहा मुले सीमेवरील ताब्यात असताना किंवा त्यानंतर लगेच दगावली होती.

२३/
आणि त्या तीन न्यायमूर्तींपैकी एक, ए. वॉलेस ताशिमा. सरकारी वकिलांना ते म्हणाले त्याचा आशय असा, की ब्रश नाही, साबण नाही, पांघरूण नाही, तर ती जागा सुरक्षित आणि स्वच्छ नाही, हे कोणालाही कळते. ताशिमा यांचा जन्म १९३४ चा, कॅलिफोर्नियातला. १९४२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, त्यांत ते होते. ॲरिझोनातील पोस्टन छावणीत त्यांच्या बालपणाची तीन वर्षे गेली. सुनावणीत त्यांनी याचा उल्लेख केल्याची नोंद नाही.

२४/
१५ ऑगस्ट २०१९ रोजी तिन्ही न्यायमूर्तींनी एकमताने सरकारचे अपील फेटाळले. निकाल न्यायमूर्ती मार्शा बर्झन यांनी लिहिला. आठवडाभरात सरकारने फ्लोरेस करार संपुष्टात आणणारी नियमावली प्रसिद्ध केली. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश जी यांनी तीही रोखली. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकादमी २०१७ पासून सांगत होती की स्थलांतरित मुलांना कोठडीत ठेवण्याचा कितीही थोडा काळ निर्धोक असल्याचा पुरावा नाही.

२५/
मग आली महामारी. मार्च २०२० मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन सीमेवरून लोकांना तत्काळ परत पाठवणे सुरू झाले. मुलेही त्यात आली. विमानाची सोय होईपर्यंत त्यांना ठेवायचे कुठे? परवानाधारक निवाऱ्यांत हजारो खाटा रिकाम्या असताना सरकारने निवडली हॉटेले. सहाशेहून अधिक मुले, बहुतेक एकटी, खासगी कंत्राटदाराच्या माणसांच्या पहाऱ्यात हॉटेलच्या खोल्यांत दिवसेंदिवस राहिली. मूल नेमके कुठे आहे, हे शोधणे त्यांच्या नातेवाइकांना आणि वकिलांना जवळपास अशक्य झाले.

२६/
सप्टेंबर २०२० मध्ये न्यायाधीश जी यांनी हॉटेलांचा हा वापर थांबवण्याचा आदेश दिला : परवाना नसलेल्या जागी मुलांना ठेवणे हा कराराचा भंग. १९८५ मध्ये ज्या प्रश्नावर दावा दाखल झाला, जवळपास तोच प्रश्न, तेच राज्य टाळत असलेली तीच जबाबदारी, फक्त मोटेलच्या जागी हॉटेल.

२७/
२०२४ मध्ये आरोग्य खात्याने स्वतःची नियमावली केल्यावर त्या खात्यापुरता करार बराचसा संपला. सीमेवरील ठाणी आणि कुटुंबांची केंद्रे यांना तो लागूच राहिला. डिलीचे केंद्र २०२५ मध्ये पुन्हा उघडले. त्याच वर्षी करार पूर्ण रद्द करण्याची सरकारची मागणी न्यायाधीश जी यांनी नाकारली. या खटल्यात प्रतिवादीचे नाव प्रत्येक नव्या ॲटर्नी जनरलबरोबर बदलते : मीस, थॉर्नबर्ग, रेनो, लिंच, सेशन्स, बार, गारलँड, बाँडी. वादीचे नाव बदललेले नाही. आजही त्यातील प्रत्येक आदेशाच्या माथ्यावर लॉस एंजेलिसच्या जिल्हा न्यायालयाचा मूळ दावा क्रमांक छापलेला असतो, ८५-४५४४. त्यातले ८५ म्हणजे १९८५.